एकट्या गोळीवर शून्य: ट्यूमरचा मेद तोडण्याच्या एका प्रयत्नाची चिकित्सा

तक्त्यातली ती ओळ वाचायला दोन सेकंद पुरतात. ट्यूमरच्या पेशींची मेदनिर्मिती अडवणारी टीव्हीबी-2640 नावाची गोळी एकटी घेतलेल्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी किती जणांची गाठ मोजण्याइतकी आकसली? शून्य. पूर्ण प्रतिसाद शून्य, आंशिक प्रतिसादही शून्य. आंशिक म्हणजे स्कॅनवर मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज निदान 30 टक्क्यांनी कमी होणं, आणि तेवढंही कुणाचं झालं नाही. 42 टक्के रुग्णांचा आजार काही काळ जागच्या जागी राहिला, इतकंच. त्याच गोळीला पॅक्लिटॅक्सेल या जुन्या केमोची जोड दिली तेव्हा आंशिक प्रतिसाद 11 टक्क्यांवर गेला आणि आजार आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण 70 टक्क्यांवर.

ही चाचणी 2013 साली सुरू झाली आणि तिचा सविस्तर अहवाल 2021 मध्ये छापून आला. एकूण रुग्ण 136: एकट्या गोळीवर 76, जोडीच्या उपचारावर 60. सगळ्यांचा कर्करोग पुढे गेलेला, बहुतेकांचे नेहमीचे उपचार करून झालेले. पहिल्या टप्प्याची चाचणी असल्यामुळे मुख्य प्रश्न मात्रा किती झेपते हा होता, गाठ किती आकसते हा नव्हता. तेव्हा या शून्याकडे बोट दाखवून औषध नापास म्हणणं घाईचं होईल.

तरीही मला हा शून्य सोडवत नाही. औषध फुसकं असतं, रक्तात पोचलं नसतं किंवा भलत्याच एन्झाइमला चिकटलं असतं, तर त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. इथे औषध पोचलं होतं. ज्याला लागायचं त्याला लागलंही होतं, आणि त्याचे पुरावे रक्तात आणि रुग्णांच्या कातडीवर दिसत होते. नेम बरोबर बसला आणि सावज उभंच राहिलं. असं का झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

सोळा कार्बनांची दोरी

प्रौढ शरीरातल्या बहुतेक पेशी मेद स्वतः तयार करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. रक्तातून तयार मिळतो, तो उचलतात. यकृत, चरबीच्या पेशी, दूध येत असताना स्तनाच्या ग्रंथी आणि त्वचेतल्या तेलग्रंथी अशा मोजक्याच ठिकाणी हा कारखाना मोठ्या प्रमाणावर चालतो. ट्यूमरच्या पेशींचं तसं नसतं. 1953 साली ग्रेस मेडेस, सिडनी वाइनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्यूमरच्या पातळ चकत्यांना किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेले साधे रेणू दिले आणि ती खूण नव्या फॅटी ॲसिडमध्ये उतरलेली दाखवली. ओटो वॉरबर्गचं साखरेवरचं काम त्याच्याही तीस वर्षं आधीचं. पण साखर अधाशासारखी खाणारा ट्यूमर त्या साखरेचं करतो काय, याच्या उत्तराचा एक तुकडा या चकत्यांमध्ये होता: काही साखर मेद होते.

कशी, ते जरा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा घोळ या यंत्रात दडलेला आहे. साखरेपासून सायट्रेट होतं, ते कापलं की दोन कार्बनांचा ॲसिटिल-कोए मिळतो. ॲसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज, म्हणजे एसीसी, हे एन्झाइम त्याला आणखी एक कार्बन जोडून मॅलोनिल-कोए करतं. मग येतं फॅटी ॲसिड सिंथेज. एका साखळीत अडीच हजारांहून जास्त अमिनो आम्लं असलेलं हे अवाढव्य प्रथिन, आणि अशा दोन साखळ्या एकमेकींना बिलगून इंग्रजी एक्ससारखा आकार करतात. मधे एक लवचीक हात असतो. वाढत जाणारी मेदाची दोरी त्या हाताला बांधलेली असते आणि हात ती घेऊन एका कोनाड्यातून दुसऱ्यात फिरतो: इथे दोन कार्बन जोड, तिथे हायड्रोजन दे, पलीकडे पाणी काढून टाक, पुन्हा हायड्रोजन दे. अशा सात फेऱ्या झाल्या की दोरी सोळा कार्बनांची होते आणि शेवटच्या कोनाड्यातली कात्री ती कापून सोडते. तो पाल्मिटेट. एका पाल्मिटेटपायी पेशी एनएडीपीएचचे, म्हणजे हा हायड्रोजन पुरवणाऱ्या रेणूचे, 14 रेणू खर्च करते. हा चौदाचा आकडा लक्षात असू द्या, तो पुढे वेगळ्याच वेषात परत येणार आहे.

जुन्या शोधनिबंधांत या एन्झाइमचं लघुरूप ‘फास’ असं वाचलं जायचं. मराठी वाचकाला त्यात गंमत वाटेल, कारण तो ट्यूमरच्या गळ्यात पडावा हीच सगळ्यांची इच्छा होती. पुढे त्याच नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाशी गोंधळ व्हायला लागला आणि ‘फॅसन’ हे रूप रुळलं. मीही तेच वापरतो.

फॅसनची कर्करोगाशी गाठ पडली ती चुकीच्या पत्त्यावरून. 1989 च्या सुमारास फ्रान्सिस कुहाजडा आणि त्यांचे सहकारी स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यांवर एक अँटिबॉडी वापरत होते. ती हॅप्टोग्लोबिनसारख्या एका प्रथिनाला चिकटते असं त्यांना वाटत होतं. ज्या गाठी या अँटिबॉडीने गडद रंगायच्या त्यांचा आजार परत उलटण्याची शक्यता जास्त, हे निरीक्षण पक्कं होतं. रंगतंय ते नक्की कोण, हे पक्कं नव्हतं. 1994 मध्ये त्या प्रथिनाचे तुकडे करून क्रम वाचला, तर ते निघालं फॅटी ॲसिड सिंथेज. सुटलेली अँटिबॉडी बरोबर घरात शिरली होती, दारावरची पाटी तेवढी वेगळी होती. वाईट आजाराची खूण म्हणून सापडलेली वस्तू औषधाचं लक्ष्यही होऊ शकेल, हा विचार त्याच 1994 च्या निबंधात आहे.

उंदीर जेवेनात

पुढची वीसेक वर्षं हत्यारं घडवण्यात गेली आणि त्यातलं बरंचसं मोडलं. सेरुलेनिन हा बुरशीपासून मिळालेला रेणू फॅसनला धरायचा, पण तो रासायनिकदृष्ट्या इतका चंचल की औषध म्हणून उपयोग नाही. मग सी-75 आला. तो दिल्यावर उंदरांच्या गाठी मंदावत होत्या, पण उंदीर खायचेच बंद होत होते आणि भराभर वजन घटवत होते. 2000 साली यावर स्वतंत्र शोधनिबंध आला: फॅसन अडवलं की त्याच्या आधीच्या पायरीवरचा मॅलोनिल-कोए साचतो, मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागाला तो ‘पोट भरलंय’ असा निरोप वाटतो आणि भूक जागवणारे रेणू खाली जातात. लठ्ठपणावर काम करणाऱ्यांना यात पर्वणी दिसली. कर्करोगवाल्यांच्या मात्र पोटात गोळा आला, कारण त्यांचे रुग्ण आधीच वजन गमावत असतात.

2004 मध्ये प्रोस्टेट कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधकांना दिसलं की वजन कमी करण्यासाठी बाजारात असलेलं ऑर्लिस्टॅट फॅसनची शेवटची कात्री अडवतं. तयार औषध, सुरक्षितता माहीत, आणखी काय हवं? अडचण एवढीच की ऑर्लिस्टॅट आतड्यात काम करण्यासाठी बनवलेलं आहे आणि रक्तात जवळजवळ शिरतच नाही. गाठीपर्यंत पोचणार कसं?

टीव्हीबी-2640 च्या भावंडांनी, म्हणजे टीव्हीबी-3166 आणि 3664 यांनी, हे दोन्ही अडथळे बऱ्यापैकी ओलांडले. तोंडाने घेता येणारे, नेमके, आणि प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारणारे रेणू. त्यांच्या कामातून एक गोष्ट उघड झाली जी मला मूळ कल्पनेपेक्षा जास्त रोचक वाटते. पेशी पाल्मिटेट केवळ भिंती बांधायला वापरत नाही. काही प्रथिनांना ती पाल्मिटेटचं शेपूट जोडते, आणि त्या शेपटाच्या आधारे ती प्रथिनं पेशीच्या पडद्याला धरून राहतात. ट्यूब्युलिन हे त्यातलंच एक, पेशीच्या आतला सांगाडा ज्याचा बनतो ते. फॅसन अडवलं की ट्यूब्युलिनचं शेपूट कमी होतं आणि सांगाडा विस्कटतो. पॅक्लिटॅक्सेलचा हल्लाही याच सांगाड्यावर. चाचणीत जोडी ठरली ती या हिशोबाने, हाताशी असलेलं कोणतंही केमो चिकटवून दिलं असं झालं नाही.

कपाळावरचं तेल

आता प्रत्यक्ष चाचणीकडे. गोळी रोज एकदा. मात्रा पायरीपायरीने वाढवत नेली आणि झेपणारी कमाल मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 100 मिलिग्रॅम ठरली. तिच्यावर गेल्यावर अडवलं कुणी? उंदरांवरून भीती भुकेची होती. भूक मंदावल्याच्या तक्रारी आल्याही, पण मात्रेला खरी वेसण घातली त्वचेने आणि डोळ्यांनी. हे त्रास औषध थांबवल्यावर किंवा कमी केल्यावर ओसरणारे होते.

एकट्या गोळीवर साधारण साठ टक्के रुग्णांचे केस गळले. निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांना हँड-फूट सिंड्रोम झाला. हे नाव कागदावर निरुपद्रवी दिसतं. तळहात आणि तळपाय लाल होतात, चुरचुरतात, कातडी सोलवटते. वाढलं तर कप हातात धरवत नाही, चप्पल घालवत नाही. जोडीच्या उपचारात एका रुग्णाचा औषधामुळे झालेल्या फुप्फुसाच्या दाहाने मृत्यू झाला, तीही नोंद अहवालात आहे. तेव्हा ‘मेदावर हल्ला, निरोगी पेशींना धक्का नाही’ अशा थाटात हा विषय सांगितला जातो तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडते. मेद स्वतः करणाऱ्या निरोगी पेशी मोजक्या आहेत, पण आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कातडीत आहेत.

याच कातडीने दुसरं एक काम केलं. रक्तातले मेदाचे रेणू तपासले तसे त्वचेवरच्या तेलाचे नमुनेही घेतले गेले. कपाळावर शोषक पट्टी चिकटवायची, काही वेळाने काढायची आणि तिच्यात उतरलेल्या तेलाचं पृथक्करण करायचं. गाठीत सुई खुपसून तुकडा काढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आणि उत्तर स्पष्ट होतं: औषध फॅसनला गाठत होतं, मेदनिर्मिती घटत होती.

म्हणजे शून्याचं खापर औषधाच्या नेमावर फोडता येत नाही.

आणि 11 टक्क्यांचं श्रेयही लगेच औषधाला देता येत नाही, हे लिहायलाच हवं. पॅक्लिटॅक्सेल एकटंही काही गाठी आकसवतं. या चाचणीत फक्त पॅक्लिटॅक्सेल घेतलेला तुलनेचा गट नव्हता. या आकड्यांत फॅसन अडवण्याचा वाटा किती, हे या चाचणीला सांगता येणार नव्हतं आणि तिने तसा दावाही केलेला नाही. दावा वाचणारे करतात.

दुकान उघडं असेल तर

प्रयोगशाळेत असं औषध खरंच फॅसनमार्फतच मारतं ना, हे तपासायची एक ठरलेली रीत आहे. पेशींना औषध द्या, त्या मरू लागतात. मग त्याच ताटलीत बाहेरून पाल्मिटेट घाला. पेशी तगल्या, तर औषधाचा परिणाम मेदाच्या तुटवड्यामुळेच होता हे सिद्ध. या वर्गातल्या रेणूंच्या निबंधांत हे चित्र नेहमी भेटतं: औषधाच्या रकान्यात पेशी मेलेल्या, शेजारच्या ‘औषध अधिक पाल्मिटेट’ या रकान्यात जिवंत.

मी हे चित्र कित्येकदा औषधाच्या बाजूचा पुरावा म्हणून वाचलं आणि पान उलटलं. ते दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवं होतं. ज्या प्रयोगाने औषधाचा नेम सिद्ध केला, त्यानेच ट्यूमरची पळवाटही दाखवून ठेवली होती: बाहेरून मेद मिळाला की घरचा कारखाना बंद पडल्याचं काही वाटत नाही. आणि माणसाच्या रक्तात मेदाची कमतरता कधी असते? उपाशी राहिलं तर उलट चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड रक्तात सोडतात.

ट्यूमर ही वाट प्रत्यक्षात चालतात याचे पुरावे चाचणी सुरू झाली त्याच सुमाराला येत होते. 2013 मध्ये युर्रे काम्फोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी, तसंच रास हे जनुक बिघडलेल्या पेशी, बाहेरच्या मेदरेणूंच्या शेपट्या उपटून वापरतात. यामागे साधं रसायन आहे. पाल्मिटेट ताठ असतो. पडदा लवचीक राहायचा तर त्यात असंतृप्त मेद हवा, आणि संतृप्तातून असंतृप्त करणाऱ्या एससीडी या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसेल तर तयार माल विकत आणणं भाग पडतं. शिवाय पेशीत मेद कमी झाला की एसआरईबीपी नावाचा व्यवस्थापक जागा होतो. तो फॅसनचं उत्पादन वाढवतो आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल-मेद आत ओढणारे दरवाजेही वाढवतो. म्हणजे कारखान्याला टाळं ठोकताच पेशी खरेदीचं खातं उघडते.

इथे एक विसंगती आहे आणि ती गुळगुळीत करून मांडण्यात अर्थ नाही. काम्फोर्स्टच्या हिशोबाने रास बिघडलेल्या पेशी बाहेरच्या मेदावर जगणाऱ्या, म्हणजे फॅसन अडवून त्यांचं फार बिघडू नये. पण चाचणीत प्रतिसाद मिळालेल्यांमध्ये केरास हे रास कुळातलंच जनुक बिघडलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण होते. 2016 मध्ये साल्क इन्स्टिट्यूटच्या रूबेन शॉ यांच्या गटानेही केरास बिघडवलेल्या उंदरांच्या फुप्फुसातल्या गाठी एनडी-646 या रेणूने लहान करून दाखवल्या होत्या. तो फॅसनच्या आधीची पायरी, एसीसी, अडवतो, आणि कार्बोप्लॅटिन या केमोबरोबर परिणाम आणखी वाढला होता. ताटलीतली रास पेशी आणि फुप्फुसात वाढणारी रास गाठ यांचा बाजारहाट सारखा नसावा, असं मला वाटतं. जनुक कोणतं बिघडलंय याइतकंच गाठ कुठे वसली आहे यालाही वजन आहे.

चौदा एनएडीपीएचकडे परत येऊ. 2017 मध्ये एका गटाने उंदरांच्या यकृतातली एसीसीची दोन्ही जनुकं काढून टाकली आणि त्यांना कर्करोग करणारं रसायन दिलं. मेद बनवताच न येणारं यकृत. गाठी कमी व्हायला हव्यात. झाल्या दुपटीहून जास्त. मेद करण्यात खर्च न झालेला एनएडीपीएच पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यातून वाचवण्यासाठी मोकळा झाला आणि बिघडलेल्या पेशी मरण्याऐवजी टिकल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाने यकृताच्या कर्करोगात एसीसी अडवणारा एनडी-654 देऊन गाठी कमी केल्याचं दाखवलं. अवयव तोच, पायरी तीच, निकाल उलटे. गाठ होण्याआधी कारखाना बंद करणं आणि झालेल्या गाठीचा कारखाना बंद करणं या दोन वेगळ्या घटना आहेत, असा मी याचा अर्थ लावतो.

उलट बाजूचा पुरावाही तोलून पाहायला हवा. घरी बनवलेला मेद बहुतांशी संतृप्त किंवा एकदाच असंतृप्त असतो, आणि तो सहजासहजी जळत नाही. बाहेरून आलेल्या मेदात एकाहून जास्त ठिकाणी असंतृप्त असलेले रेणू जास्त, म्हणजे ऑक्सिडेशनला बळी पडणारे. 2010 च्या एका कामात हेच दिसलं होतं: मेदनिर्मिती अडवलेल्या पेशी मेल्या नाहीत तरी त्यांचे पडदे नाजूक झाले आणि केमोला त्या जास्त बळी पडल्या. या दृष्टीने पाहिलं तर ‘एकट्या गोळीवर शून्य’ हा निकाल जवळजवळ अपेक्षितच होता. गोळी खिंडार पाडते, आत शिरायला दुसरं कुणीतरी लागतं.

रुग्ण आणि नातेवाईक या टप्प्यावर हमखास विचारतात, मग खाण्यातली चरबीच बंद केली तर? प्रश्न भाबडा नाही. 2021 मध्ये उंदरांवर याची थेट तपासणी झाली. एकूण खाणंच कमी केलं तेव्हा रक्तातले मेद खाली गेले आणि स्वादुपिंडाच्या गाठी मंदावल्या. साखर जवळजवळ बंद आणि चरबी भरपूर अशा कीटो आहारावर गाठी मंदावल्या नाहीत, कारण ट्यूमरला बाहेरचा मेद मिळतच होता. पण कर्करोगाच्या माणसाला उंदरासारखं अर्धपोटी ठेवणं ही जोखीम आहे. वजन आणि स्नायू घटणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. हा प्रयोग ट्यूमरची खरेदी समजून घ्यायला उत्तम आहे, आहारतक्ता म्हणून नाही.

जिथे बाजारच नाही

2021 मध्येच गिनो फेरारो आणि सहकाऱ्यांनी हर-2 पॉझिटिव्ह, म्हणजे हर-2 हे प्रथिन जास्त असलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांत दोन ठिकाणी वाढवल्या: स्तनाच्या भागात आणि मेंदूत. स्तनाच्या आसपास मेदाची चंगळ असते. मेंदूतल्या गाठीला मात्र बाहेरून मिळणारा मेद तोकडा पडतो. फॅसन काढून टाकल्याचा फटका मेंदूतल्या गाठींना जास्त बसला. पेशी त्याच, बिघाड तोच, फरक पत्त्याचा.

या नजरेने मूळ चाचणी पुन्हा वाचली की तिची रचना डोळ्यांत खुपते. स्तन, फुप्फुस, अंडाशय आणि इतरही, वेगवेगळ्या अवयवांतल्या, वेगवेगळ्या शेजारात वाढणाऱ्या गाठी एका टोपलीत. पहिल्या टप्प्यात असंच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण रुग्ण निवडताना गाठीत फॅसन किती आहे, जनुक कोणतं बिघडलंय हे विचारलं जातं. या गाठीला बाहेरून मेद मिळतो का, हे विचारायची रीत अजून नाही. माझ्या मते प्रवेशाची पहिली अट तीच असायला हवी. ती मोजायची कशी, हा अर्थात वेगळाच डोंगर आहे. गाठीभोवतीच्या द्रवाचा नमुना घेणं कपाळावर पट्टी चिकटवण्याइतकं सोपं नाही.

मेंदूच्या गाठींवर याच गोळीची पुढची चाचणी झाली. परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासारख्या गाठींचे 25 रुग्ण, गोळीच्या जोडीला नव्या रक्तवाहिन्या खुंटवणारं बेव्हासिझुमॅब. 2023 च्या अहवालानुसार सहा महिन्यांपर्यंत आजार न वाढलेल्यांचं प्रमाण 31.4 टक्के, तर तुलनेला घेतलेल्या जुन्या चाचणीत एकट्या बेव्हासिझुमॅबवर ते 16 टक्के. रक्तवाहिन्या कापल्या की पुरवठ्याचे रस्ते तुटतात आणि घरच्या कारखान्यावर भार येतो, हे कागदावर तरी पटतं. मात्र रुग्ण किती जगले यात ठोस फरक दिसला नाही. 25 हा आकडा छोटा आहे, आणि जुन्या चाचणीशी केलेली तुलना ही नेहमीच उसनी तुलना असते. बेव्हासिझुमॅब स्कॅनवरची सूज उतरवून गाठ आकसल्यासारखी दाखवतं, हेही या क्षेत्रातल्या कुणालाच नवीन नाही. तरी पहिल्या चाचणीतल्या शून्यानंतर या गोळीने कर्करोगात दिलेला लक्ष देण्याजोगा आकडा मेंदूतूनच यावा, हे मला योगायोगाच्या पलीकडचं वाटतं.

गोळी पुढे कुठे गेली

दरम्यान रेणूचं नामकरण झालं, डेनिफानस्टॅट. नावाबरोबर मोहिमाही बदलल्या. यकृतात चरबी साचून दाह आणि व्रण होण्याच्या आजारात मेदनिर्मिती हाच दुखण्याचा भाग, आणि तिथे यकृताला मारायचं नसून कारखान्याचा वेग उतरवायचा असतो. 2024 मध्ये छापलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत 168 रुग्णांना 52 आठवडे रोज 50 मिलिग्रॅम किंवा नकली गोळी दिली होती. यकृताच्या तुकड्यावरून मोजलेली दाहाची सुधारणा औषधाच्या गटात 38 टक्क्यांना, नकली गोळीवर 16 टक्क्यांना. केस विरळ होणं तिथेही दिसलं, मात्रा कितीतरी कमी असूनही.

आणि मग मुरुमं. त्वचेच्या ग्रंथींतलं बहुतांश तेल त्या ग्रंथी स्वतःच, फॅसन वापरून बनवतात. बाहेरून उचललेला मेद त्यात थोडाच. म्हणजे ट्यूमरकडून जे अवलंबित्व हवं होतं ते या ग्रंथींकडे आयतंच होतं. चीनमध्ये 480 रुग्णांवर रोज 50 मिलिग्रॅम देऊन 12 आठवड्यांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आणि 2025 मध्ये तिने आपली उद्दिष्टं गाठल्याचं जाहीर झालं. कर्करोगाच्या चाचणीत कपाळावरचं तेल हे औषध पोचल्याची पावती म्हणून बाजूच्या रकान्यात नोंदलं होतं. इथे ते तेल कमी होणं हाच उपचार.